शेजारच्या खोलीवरचा निबंध

नर्सिंगची शिष्यवृत्ती मिळाली नाही तर मी गलोंड्याच्या कारखान्यात खोकी भरायला जाणार, हे घरात ठरलेलं होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, माझी बारावी झाली होती, आणि वाटेत एक निबंध आडवा पडला होता: 'मला परिचारिका का व्हायचे आहे?' तो परीक्षेच्या हॉलमध्ये बसून लिहायचा. गुजराती, हिंदी, मराठी, भाषा कुठलीही चालेल, सिल्वासाच ते.

नरोलीच्या आमच्या चाळीत जो तो निबंध सुचवू लागला. आई ज्यांच्याकडे भांडी घासायची त्या इंजिनियरीणकाकू पुण्याच्या, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं, वाचणारा रडला पाहिजे. "आजीला मार," त्या म्हणाल्या. "वेळेवर नर्स मिळाली नाही म्हणून गेली, असं लिही."

माझी आजी धुळ्याकडे ठणठणीत होती आणि सुनेची उणीदुणी काढत होती. मी आईकडे बघितलं. ती परातीवरून मान न उचलता म्हणाली, "मार की. कागदावर तरी सुख लागू दे मला."

हॉलमध्ये मी आजीला खाटेवर निजवलं, ताप चढवला, कंदील मंद केला. पण बाई मरेना. दर ओळीला उठून बसे आणि चहात साखर कमी आहे म्हणे. पुढच्या बाकावरची मुलगी डोळे पुसत लिहीत होती. तिची आजी आटोपली असावी. अर्धा वेळ गेला, तशी मी आजीवर काट मारली आणि आमच्या शेजारच्या खोलीबद्दल लिहायला घेतलं.

त्या खोलीत जळगावकडचे सहा कामगार राहत आणि खाटा तीन. तिघं दिवसपाळीला, तिघं रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच खाटेवर आडवा. त्यातल्या एकाला टायफॉइड झाला. तेव्हा कामावर निघालेला माणूस चपला घालून दारात थांबे आणि पाळीवरून परतलेल्याला सांगे: पेज किती घेतली, गोळी कुठली राहिली, झोपेत बडबडला का. ऐकणाऱ्यानं ते सगळं परत म्हणून दाखवल्याशिवाय हा उंबरा सोडत नसे, मग कंपनीची बस चुकली तरी बेहत्तर. आजारी माणूस बरा झाला. मला त्या दारात उभं राहायचंय म्हणून नर्स व्हायचंय, असं लिहून मी पेपर दिला.

दुपारी मुलाखत. टेबलामागे मोठ्या सिस्टर, केरळच्या, मराठी न वाचता येणाऱ्या. कारकून त्यांना एकेक निबंध हिंदीत सांगत होता. माझा नंबर येईपर्यंत इतक्या आज्या दगावल्या होत्या की त्यांचा चेहरा दगडाचा झाला होता. माझा निबंध संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, दुसरा माणूस आलाच नाही तर?

"तर पहिल्याची पाळी संपलीच नाही," मी म्हणाले.

त्या शेजारी बसलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. हीच एक गोष्ट मुलींच्या डोक्यात उतरवायला आमचं अख्खं पहिलं वर्ष जातं, म्हणाल्या. मग माझ्या नावापुढे खूण केली, माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, "सोमवार से आना. नाखून काटके."

सोमवारपर्यंत कुणाला धीर होता? बाहेर येऊन पायरीवर बसले आणि दहाही नखं दातांनीच कुरतडून टाकली.