सरांच्या सहीचं माझं पत्र

माझ्याविषयी आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यात सुंदर पत्र मीच लिहिलेलं आहे. खाली सही सरांची.

आमच्याकडे हे असंच चालतं. विद्यार्थी शिफारसपत्र मागायला जातो, सर म्हणतात, "तूच लिहून आण रे, मी सही करतो," आणि विद्यार्थी घरी बसून स्वतःच्या गुणांची यादी करतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरांचा वेळ वाचतो आणि विद्यार्थ्याला स्वतःची नव्याने ओळख होते.

मी तेव्हा नेदरलँड्समध्ये मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. यावलच्या केळीच्या बागांमधली माती पाणी किती धरते, या एका प्रश्नाच्या मागे लागलो होतो. पुढे पीएचडीसाठी तिथल्याच विद्यापीठाची चार वर्षांची शिष्यवृत्ती होती, जागा दोन. मिळाली तर तो प्रश्न तडीला जाणार. नाही मिळाली तर व्हिसा संपला की बॅग भरून जळगावला परत, आणि माती तिथेच, प्रश्नही तिथेच. अर्जाला शिफारसपत्र हवं होतं, म्हणून धुळ्याच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते आता निवृत्त झालेत. म्हणाले, "तू लिही."

पहिल्या मसुद्यात मी हुशार होतो. दुसऱ्यात असाधारण झालो. तिसऱ्या मसुद्यापर्यंत मला स्वतःविषयी असा काही आदर वाटायला लागला की खुर्चीत ताठ बसून टाइप करत होतो. तीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी पाहिला नाही, असं सर म्हणत होते. नेतृत्वगुण, चिकाटी, वक्तशीरपणा. 'वक्तशीर' लिहिताना बोट जरा अडखळलं, कारण त्या वेळी माझा तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

सरांनी धुळ्यात प्रिंट काढून सही केली आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पत्राच्या कडेला जेवणाच्या टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक दिसत होतं, ते मी कापलं. मग कळलं की पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून पाठवायचं असतं. सरांना ईमेल नव्हता. मी त्यांच्या नावाने उघडला. पासवर्डला आईचं नाव दिलं. पत्र पाठवलं, आणि सरांच्या वतीने समितीचे आभारही मानले.

एप्रिलमध्ये नमुने घ्यायला यावलला आलो आणि वाट बघणं सुरू झालं. बागेत मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या सिमेंटच्या हौदावर उभं राहिलं तरच यायची. मी ठिबकच्या नळ्या ओलांडत दर अर्ध्या तासाने हौदावर चढायचो, फोन वर धरायचो, उतरायचो. मातीचे डबे उन्हात पडलेले. बागेचे मालक आबा खाटेवरून बघत असायचे.

"भाऊ, आलं का?"

"नाही आबा."

"मग उतर. हौद माझा आहे, त्याला तडा गेला तर तुझं विद्यापीठ येणार नाही बुजवायला."

रात्री जळगावला घरी, सकाळी पुन्हा यावलची बस. बसमध्येही मी दोन्ही ईमेल बघायचो, माझा आणि सरांचा. माझ्यात जाहिराती यायच्या. पत्र आलं ते सरांच्या. मंगळवारी, हौदावरच. समितीने लिहिलं होतं की उमेदवाराविषयी तुमच्याशी थोडं बोलायला आवडेल. गुरुवारी, व्हिडिओवर, भारतीय वेळेने दुपारी दीडला जमेल का?

मी सरांच्या वतीने लिहिलं, आनंदाने. हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आनंद सरांना अजून कळवायचाय.

फोन लागेना. बुधवारी सकाळी जळगावहून धुळ्याची बस धरली. सरांच्या घरी काकू म्हणाल्या, "ते साक्रीला गेले शेतावर. आज तिकडचा बाजार करून संध्याकाळी येतील." मला संध्याकाळपर्यंत दम धरवेना. मी साक्रीची बस धरली.

सर बाजारात एका बाईपुढे बसून नागलीचे दाणे चिमटीत घेऊन बघत होते.

"तू?" सर म्हणाले. "नेदरलँड्सहून साक्रीच्या बाजाराला?"

"सर, जरा बोलायचं होतं."

"जरा बोलायला कुणी दोन बस बदलून येत नाही. काय घोळ केलास ते सांग."

चहाच्या टपरीवर बसून मी घोळ सांगितला. सर शांतपणे म्हणाले, "पत्र दाखव." मग कळलं की सरांनी ते कधी वाचलंच नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. चहावर साय धरली. सर साक्रीकडचे, वर्गात शुद्ध बोलायचे, पण मनापासून चेष्टा करायची असली की घरची अहिराणी यायची.

"हाऊ पोऱ्या कोन शे? माले बी भेटाड."

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"यामा बठ्ठं खोटंच शे, का काही खरं बी शे?"

"नाव खरं आहे सर."

"आणि माझी सही," सर म्हणाले.

मी रात्रभर बसून संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून आणली होती, ते तीन कागद दिले. त्यांनी ते न बघता कांद्याच्या पिशवीत टाकले आणि उद्या एक वाजता ये म्हणाले.

गुरुवारी मी साडेबारालाच हजर. सरांनी माझा लॅपटॉप माझ्याकडूनच लावून घेतला आणि म्हणाले, "आता बाहेर बस." मी ओट्यावर बसलो. ओट्याकडच्या खिडकीत नेमकी कूलरची पाठ होती. धुळ्याच्या मे महिन्यात कूलर बंद करा असं म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडे उरलं नव्हतं. आतून पाण्याचा खळखळाट आणि पंख्याचा घुरघुराट यांच्याशिवाय काही ऐकू येईना. मी गवताच्या ताटीला कान लावला, कान ओला झाला. मधेच सर मोठ्याने हसले. ते हसू माझ्या बाजूचं की विरुद्ध, हे ओळखायचा मी प्रयत्न केला. दहा मिनिटांचं बोलणं पस्तीस मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात मी चपला तीनदा घातल्या आणि तीनदा काढल्या.

सर बाहेर आले. "मी सांगून टाकलं, पत्र त्याने लिहिलंय."

मी चपला चौथ्यांदा घातल्या.

"त्यांनी विचारलं, यातलं कुठलं वाक्य तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मला एकही आठवेना. मग खरं बोलणंच सोपं पडलं."

"मग ते काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, तर मग आता तुम्ही तुमचं सांगा. मी त्यांना पावसाच्या वहीची गोष्ट सांगितली."

पावसाची वही म्हणजे कॉलेजच्या प्रयोगाच्या शेतात पर्जन्यमापक होता त्याची नोंदवही. दुसऱ्या वर्षाला मी आणि माझा एक जोडीदार आठवडे वाटून घेऊन रोज सकाळी पाऊस मोजायचो. सर आत गेले आणि कपाटातून ती वहीच घेऊन आले. बोट ठेवून दाखवलं. एका दिवसाचा आकडा खोडला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'काल आलो नाही. आकडा अंदाजे लिहिला होता. खोडला आहे.'

"इतक्या वर्षांत एवढं एकच पान लक्षात राहिलं," सर म्हणाले. "ज्याने हे लिहिलं त्याच्या हातात माती द्यायला हरकत नाही, असं सांगितलं मी त्यांना. त्यांना पटलं बरं का. कागदावर टिपून घेतलं त्यांनी."

काकूंनी चहा आणला. मी वहीकडे बघत होतो. अक्षर डावीकडे झुकलेलं, 'ल'ची गाठ मोठी. ते माझ्या जोडीदाराचं होतं. माझा आठवडा पुढच्या पानावर. तिथे एकही खाडाखोड नव्हती. पाच, दहा, पंधरा, दहा. माझ्या आठवड्यात धुळ्यात पाऊस नेहमी पाचाच्या पटीत पडायचा. हॉस्टेलच्या खिडकीतून तो तसाच दिसायचा.

मी चहा प्यालो. बशीतलाही प्यालो. सरांच्या पाया पडलो आणि बस स्टँडवर आलो.

जळगावच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी स्वतःला समजावत होतो. मी खोटं बोललोच नव्हतो. बोलले ते सर, आणि तेही त्यांना खरं वाटत होतं. जोडीदाराने कुठे शिष्यवृत्तीला अर्ज केलाय? हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं, आणि पारोळ्यापर्यंत पटलंही. पारोळ्याला बस थांबली, लोक उतरले, त्यांच्याबरोबर मीही उतरलो. उतरल्यावर कळलं की उतरलोय. समोरून धुळ्याची बस येत होती, तीत बसलो. त्या बसमधून उतरून या बसमध्ये चढताना कंडक्टरने पाहिलं होतं. म्हणाला, "काही विसरलं का?" मी म्हटलं, उलट आठवलं. त्याने तिकीट फाडून दिलं.

सरांनी दार उघडलं. "काय रे, बस चुकली?"

"सर, ते पान माझं नाही. पुढचं माझं."

सरांनी मला आत घेतलं नाही. दारातूनच मागे वळून वही आणली आणि उभ्या उभ्या पुढचं पान पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ते नुसते आकड्यांवरून बोट खाली नेत होते, आणि दर ओळीला ते बोट जरा थांबत होतं.

"मला अक्षरसुद्धा ओळखू आलं नाही," सर म्हणाले. ते स्वतःवरच चिडले होते, आणि ते मला जास्त लागलं. मग वही मिटून म्हणाले, "मी त्यांना पुन्हा फोन करणार नाही. तू लिही. या वेळी तुझ्या नावाने."

तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. ईमेल मी उघडला होता, बोलायला होकारही सरांच्या नावाने मीच दिला होता, आणि वहीतलं पान दुसऱ्याचं आहे. सहा ओळी. शिफारसपत्राला तीन मसुदे लागले होते, याला एकोणीस लागले. प्रत्येक मसुद्यात मी थोडा प्रामाणिक माणूस म्हणून उठून दिसायला लागायचो, मग ते वाक्य काढावं लागायचं. सर आतून एकदा ओरडले, "महाकाव्य लिहितोयस का?" तेव्हा पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, निर्णय यथावकाश.

यथावकाश म्हणजे किती, हे सांगायला त्यांच्यात कुणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी हौदावर चढत राहिलो. दुसऱ्या आठवड्यात चढणं सोडलं आणि खाली उभं राहून हौदाकडे बघायला लागलो, जे जास्त वाईट होतं. जेवताना घास हातात राहायचा. मातीचे डबे दोनदा एकाच नंबरने भरले, दोन्ही वेळा ओतून पुन्हा खणलं. आबांनी मला घड उतरवणाऱ्या मजुरांच्या टोळीबरोबर कामाला लावलं. खांद्यावर घड असला की फोन काढता येत नाही. आबा म्हणाले, "तुला शिष्यवृत्ती नाही मिळाली तरी मी ठेवीन. पण घड सरळ धर."

सतराव्या दिवशी ट्रक भरून झाल्यावर हात धुतले आणि हौदावर चढलो. पत्र होतं. माझ्या ईमेलवर. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोनदा ते माझ्याविषयी आहे असं वाटेना.

सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले, आणि तो पर्जन्यमापक अजून शेतात आहे का हे कॉलेजात जाऊन बघून ये, असं सांगितलं. मग आईला लावला.

"मिळाली," मी म्हटलं. "पण एकाच वर्षाची."

"आणि बाकीची तीन?"

"माझ्या वह्या बघून देणार. शेतातल्या मूळ वह्या, खाडाखोडीसकट, दर महिन्याला पाठवायच्या."

"तू भरलेल्या?"

"हो."

"रोज जाऊन?"

"हो आई."

आईने तिकडे हिशेब केला. मग म्हणाली, "बरं, मग पेढे पाव किलोच आणते."