इंदुमतीबाई रोज चौदा दाणे नेत

माझा मुलगा सिद्धांत इंदुमती सुरवसेंना पहिल्यांदा आमच्या दिल्लीच्या घरी घेऊन आला, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात बोलावून तीन गोष्टी विचारल्या. बाई कुठल्या, आधी कुणाकडे होत्या आणि तिथून का निघाल्या? पोराने तिन्हींची उत्तरं दिली. माझं समाधान झालं नाही.

बाई लातूरकडच्या, औशाजवळच्या. लग्न होऊन फरीदाबादला आल्या. नवरा गेल्यावर एका लहान युनिटमध्ये लागल्या आणि एकोणीस वर्षं सर्किट बोर्डांवर चिमट्याने भाग बसवत राहिल्या. हे भाग म्हणजे तिळाएवढे दाणे, एका बोर्डावर साठ-सत्तर. पुढे डोळे कमजोर झाले तेव्हा मालकाने त्यांना पॅकिंगला बसवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गेल्याच नाहीत.

माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली आणि गच्चीवरच्या खोलीत नेमकं हे चिमट्याचं काम करणारं यंत्र बांधायला घेतलं. बाहेरून येणारी यंत्रं इतकी महाग असतात की लहान युनिटवाले त्यांचा विचारही करत नाहीत. सिद्धांतचं यंत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर मावेल. माशांच्या टाकीचा हवेचा पंप त्याने उलटा जोडलाय. त्या ओढीने बारीक नळी दाणा उचलते, कॅमेऱ्यापुढे धरते आणि बोर्डावर नेऊन ठेवते. "करोल बागेत दुकानामागे बसून बोर्ड बनवणाऱ्यालाही हे परवडलं पाहिजे, आई," असं तो म्हणतो. आमच्या दोन्ही घराण्यांत नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. त्याच्या बाबांना हे बोलणं कानाआड करायची सवय झाली आहे.

इंदुमतीबाई त्याच्या यंत्राला शिकवायला आल्या होत्या. दाणा टेकवताना किती दाबायचा, नळी उचलताना किती थांबायचं, हे त्या सांगत आणि सिद्धांत संगणकात भरत जाई. मला एक कळत नव्हतं. जिचं पोट इतकी वर्षं चिमट्यावर चाललं, ती बाई चिमटा बंद पाडणाऱ्या यंत्राला का शिकवेल? फोन आला की त्या जिन्यात जाऊन बोलत. जुन्या मालकाचं नाव निघालं की विषय बदलत. आणि संध्याकाळी निघताना आणखी एक गोष्ट करत.

दाणे कागदी पट्टीत भरलेले असतात आणि पट्टी रिळावर गुंडाळलेली असते. अशी चौदा रिळं यंत्राच्या पुढच्या खाचांत ओळीने बसतात. बाई प्रत्येक रिळातून एक दाणा काढत, पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवत, पेन्सिलीने काहीतरी लिहीत आणि कार्ड पर्समध्ये टाकत. मी हे तीनदा पाहिलं.

माझी सव्वीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या भांडारात गेली. तिथे टाचणीची डबी द्यायची तरी मी सही घ्यायचे.

"सिद्धांत, ती बाई माल नेते," मी म्हटलं.

"चौदा दाणे, आई. त्यात चहासुद्धा येत नाही."

"मालाचं नाही म्हणत मी. नमुना नेते. कुणाला तरी दाखवत असेल."

"मग दाखवू दे ना यार. बाजारात मिळतात ते."

तो हसला, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

त्या रविवारी बत्रासाहेब येणार होते. मानेसरला त्यांचं पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर बनवायचं लहानसं युनिट आहे. त्यांच्यासमोर वीस बोर्ड नीट भरून दाखवले, तर ते पहिलं गिऱ्हाईक होणार होते. नाही जमलं तर यंत्रावर चादर टाकून नोकरी शोधायची, असा शब्द सिद्धांतने बाबांना दिला होता. मुलाने दिलेला शब्द मोडलेला मी कधी पाहिला नाही, म्हणून मला जास्त भीती होती.

शनिवारी सहा वाजता बाई गेल्या. सिद्धांत काही सामान आणायला बाहेर पडला. मी गच्चीवर गेले, उद्यापर्यंत कुणाचा हात लागू नये म्हणून चौदाही रिळं त्यांच्या धारकांसकट काढली आणि खाली आणून माझ्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. सिद्धांत रात्री उशिरा आला आणि थेट झोपला. रविवारी तो उठायच्या आत मी ती परत नेऊन बसवलीसुद्धा. लेबलांवरचे आकडे बघून लहानापासून मोठ्यापर्यंत लावली. भांडारात आम्ही तसंच लावायचो. ओळ आधीपेक्षा नीट दिसत होती. यंत्र रीळ ओळखत नाही, फक्त खाच ओळखतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

इंदुमतीबाई नऊला आल्या. मी चहा घेऊन वर गेले, तेव्हा त्यांनी नव्या कार्डावर चौदा दाणे चिकटवले होते आणि मीटरने एकेक मोजत होत्या. मग पर्समधून आदल्या दिवशीचं कार्ड काढून त्यांनी ते शेजारी ठेवलं.

"सिद्धांत, मशीन चालू नको करूस," त्या म्हणाल्या. "नऊ रिळं काल होती तिथे नाहीत."

सिद्धांतने दोन्ही कार्डं पाहिली. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मावशी, काल सगळ्यात शेवटी तुम्हीच होतात ना इथे?"

आवाज त्याने चढवला नव्हता, पण मावशी काय समजायचं ते समजल्या.

"होते. हे कालचं कार्ड. तारीख आहे, वेळ आहे. सहाला सगळं जागेवर होतं." त्यांनी कार्ड त्याच्यासमोर सरकवलं. "मी हे घरी का नेते, विचारलं नाहीस कधी. युनिटमध्ये एकदा पाचशे बोर्ड बाद निघाले. रीळ बदललं होतं दुसऱ्याने, नाव आलं माझं. तेव्हापासून रोजचा पुरावा माझ्या घरी असतो. दुसऱ्याच्या जागेत ठेवलेला पुरावा आपला नसतो."

खोटं कशाला लिहू, गप्प राहावं असं मला क्षणभर वाटलं. कार्ड असलं तरी संशय बाईंवरच राहिला असता. रोज पर्समध्ये काहीतरी घेऊन जाणारी बाई, असं मीच तर त्याच्या कानावर घातलं होतं.

"मी हलवली," मी म्हटलं.

"आई?"

"रात्री कपाटात ठेवली होती. सकाळी नंबराने लावली."

"नंबराने," इंदुमतीबाई म्हणाल्या. "कुणापासून जपत होतात, ताई?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"बत्रा किती वाजता येणारेत?"

"अकराला," सिद्धांत म्हणाला.

"मग ताई, ट्रे ठेवा आणि लेबलं मोठ्याने वाचा. मी लावते. तुमचे डोळे माझ्याहून चांगले आहेत. तुम्हाला सगळंच दिसतं."

मी चौदा लेबलं वाचली. एकाही वेळी मान वर केली नाही.

वीसपैकी एकोणीस बोर्ड नीट निघाले. विसाव्यावर एक दाणा तिरपा उभा राहिला होता. बत्रासाहेबांनी भिंग काढायच्या आत इंदुमतीबाईंनी तो बोर्ड बाजूला ठेवला आणि "ये मत लीजिए, ये खराब है" असं स्वतःच सांगितलं. बत्रासाहेब यंत्राकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहत होते.

"मशीन महीने भर के लिए ले जाऊँगा," ते म्हणाले. "ठीक चली तो चार और. लेकिन पहले पंद्रह दिन आंटीजी साथ आएँगी."

सिद्धांतने मावशींकडे पाहिलं. सकाळच्या त्या प्रश्नाबद्दल तो अजून काही बोलला नव्हता. "मावशी, मघाशी मी जे विचारलं..."

"नंतर. आधी त्यांना हो म्हण."

सोमवारी मानेसरच्या गाडीसाठी मी त्यांना चौकापर्यंत सोडायला गेले. सिद्धांत यंत्राबरोबर टेम्पोत पुढे गेला होता. वाटेत मी विचारलंच. "यंत्रं आली की चिमट्याच्या बायका घरी बसतील. तरी तुम्ही हे काम का घेतलंत?"

"चाळिशीत डोळे घालवून घरीच बसतात त्या, ताई. मी बसले ना."

उत्तर खरं वाटलं. पण जिन्यातल्या फोनचं त्यात काही नव्हतं, आणि विचारायचा हक्क मी आदल्या दिवशीच घालवला होता. गाडी दिसू लागली.

"बत्रा तुम्हाला तिकडेच ठेवून घेईल, असं मला वाटतंय," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटतंय," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि पर्स सांभाळत गाडीत चढल्या.