हृदयामागची सेफ्टी पिन

अँजिओप्लास्टीच्या टेबलावर मी मंगळसूत्राची एक वाटी चोरून नेली होती. तेव्हा मी साठीची, म्हणजे आताच्या मानाने कोवळीच. अक्कल त्याहून कोवळी.

हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती, तिच्यात जाळी बसवायची होती. नर्स म्हणाली, "आजी, अंगावर धातूचं काही ठेवू नका." पण नवरा बाहेर धडधाकट बसलेला आणि मी मोकळ्या गळ्याने मरायचं? एका वाटीची कडी तशीही ढिली होती. ती वाटी उपटली, बाकीचं मंगळसूत्र यांच्या रुमालात बांधून दिलं, आणि बांगडीतल्या सेफ्टी पिनेने वाटी गाऊनला मागून टोचली. बरोबर हृदयामागे, राखणीला!

वजन विचारलं तेव्हा बासष्ट सांगितलं. काट्याने ऐंशी सांगितलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

मनगटातून नळी घातली. मी टक्क जागी. डॉक्टर क्ष-किरणांनी चित्र काढत, थांबत, मशीन तिरकं करून पुन्हा काढत. शेवटी म्हणाले, "नेमकं अडथळ्यावरच हे काय आलंय? सिस्टर, ही सेफ्टी पिन आहे का?"

"वाटीपण आहे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. नर्सचा हात माझ्या पाठीखाली शिरला आणि ऐवज जप्त झाला.

नंतर डॉक्टरांनी यांना सांगितलं, "जाळी छान बसली. पण क्ष-किरण जरा जास्त गेले. शरीर जाड असलं की मशीन आपोआप जोर वाढवतं, तिरकं धरलं की आणखी. त्यात आज पिनेपायी चित्रं पुन्हा काढावी लागली. किरण खालून येतात, तेव्हा महिनाभर यांची पाठ बघत राहा. लाल चट्टा दिसला तर लगेच या."

हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. जन्मभर मीटरची रीडिंगं घेतलेली. रोज सकाळी मला खिडकीकडे पाठ करून बसवायचे, चष्मा लावून इंच इंच तपासायचे आणि कॅलेंडरवर 'निरंक' लिहायचे. मला हसू आवरेना. "अहो, पाठ आहे ती, बॉयलर नव्हे!" मग एक दिवस कॅलेंडरवरचं अक्षर थरथरलेलं दिसलं, आणि माझी थट्टा तिथेच संपली.

महिना भरला. शेवटचं 'निरंक' लिहून यांनी कपाटातून सोनाराकडे न्यायला ठेवलेल्या दोन्ही वाट्या काढल्या, एक माहेरची, एक सासरची. सासरची ती, जी मी रुमालात बाहेर ठेवली होती. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाले,

"पाठ स्वच्छ आहे तुझी. आता खरं सांग, चाळीस वर्षं माझ्या घरात राहून, आत नेताना माहेरचीच वाटी बरी सापडली?"