गूळकाकीची रताळी

गूळकाकीच्या जिभेवर गूळ कधीच नव्हता. नळावर कुणी हंडा पुढे सरकवला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, "मेल्यांनो, डोळे काय गावाक ठेवन इलात?" लालबागच्या आमच्या चाळीत तिच्याशी भांडण झालं नाही असं एकही बिऱ्हाड नव्हतं. तरी तिचं नाव गूळकाकी पडलं, कारण महाशिवरात्रीला ती अख्ख्या माळ्याला गुळातली रताळी वाटायची.

लाल सालीची रताळी ती स्वतः दादरहून निवडून आणायची. जाड चकत्या तुपावर परतून वर झाकण ठेवायची आणि झाकणात पाणी. शिकायला गेलेल्या पोरींपैकी कुणी गुळाला हात घातला की हातावर फटका बसे. "आधी रताळा शिजांदे, मगे गूळ. घाय केलंस तर रताळा कडक रवता." मग गूळ, खोबरं, वेलची पडायची आणि पाक चकत्यांना चिकटेपर्यंत ती स्टोव्हपुढून हलायची नाही. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आमच्याही घरी व्हायची, पण ताटात काकीच्या दोन चकत्या आल्याशिवाय उपास उपासासारखा वाटत नसे.

तिची वाटी परत करताना त्यात चिमूटभर साखर घालायची, अशी चाळीची रीत. रिकामी वाटी आली की काकी त्या दारात जाऊन विचारी, "साकर मुंगयेंनी खाल्ली काय गो?" वाटीसाठी तिने माझ्या आईलाही सोडलं नव्हतं. आई चिडायची, मग हसायची आणि साखर घेऊन जायची.

मग संप आला. काका आणि माझे वडील एकाच गिरणीत, दोघेही बाहेर. सुरुवातीला गिरणीत शिरणाऱ्यांना काकी जेवढ्या शिव्या घालायची तेवढ्या पुढाऱ्यांनीही घातल्या नसतील. पण संप लांबला. घराघरातली पितळी भांडी मोडीत गेली, माणसं कोकणात गेली. त्यातच काकीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरानेच करायचं, तिथे संपाची सबब कोण ऐकणार? पोरीच्या अंगात रक्त नव्हतं, डॉक्टरांनी काळजी घ्यायला बजावलं होतं. काकीच्या हातातल्या पाटल्या गेल्या, आणि एका सकाळी काका डबा घेऊन गिरणीत गेले.

संध्याकाळी ते परतले तेव्हा चाळ जिन्यापासून त्यांच्यावर ओरडत होती. काका मान खाली घालून चढत होते. काकी गॅलरीत आली आणि म्हणाली, "त्येंका कित्याक बोलतास? मी धाडलंय त्येंका. बाळंतपण काय संपार जाता?" उत्तर नसलं की माणसं जास्त चिडतात. त्या दिवसापासून चाळीने त्या घराशी बोलणं टाकलं. मुलगा झाला, पण बारशाला शेजारचंसुद्धा कुणी गेलं नाही.

त्यानंतरच्या शिवरात्रीला काकी नेहमीसारखी वाट्या घेऊन निघाली. तूप नव्हतं, रताळी शेंगदाण्याच्या तेलावर केलेली होती. शिवरात्रीला दारात आलेलं नाही म्हणायचं नसतं, म्हणून तिच्या तोंडावर सगळ्यांनी घेतली. दार लागल्यावर माझे वडील म्हणाले, "गद्दाराच्या घरचा घास या घरात नको." आमच्या घरात त्या महिन्यात रोजच उपास होता. माझी धाकटी भावंडं वाटीकडे बघत होती. आईने वाटी उचलली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली.

दिवेलागणीला पाहिलं, तर दारादारापुढे वाटी होती. कुणीही खाल्लं नव्हतं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. काकी परात घेऊन आली, एकेक वाटी वाकून उचलली, मुंग्यांसकट. मी शिव्यांची वाट बघत होते. तिने एकही दिली नाही. उपाशी पोरांच्या तोंडचं काढून मुंग्यांना घालणाऱ्या त्या स्वाभिमानाची मला आजही किळस येते.

संप मिटला नाही, नुसता विरत गेला. गिरणीने थोड्यांना परत घेतलं, बाकीच्यांना दारातूनच परतवलं. मग तीच माणसं काकांच्या दारी जायला लागली. "साहेबाकडे आमच्यासाठी शब्द टाका." माझे वडीलही गेले. काकीने त्यांना बसवलं, चहा दिला आणि काकांना म्हणाली, "सांगा सायबाक. पोरा-बाळांचो माणूस हा." एकदोघांचं काम झालं, वडिलांचं झालं नाही. पण बोलणं सुरू झालं. नळावर काकीच्या शिव्याही सुरू झाल्या, आणि चाळीला वाटलं, झालं गेलं विसरली बाई. शिवरात्रीला मात्र तिच्या खोलीतून गुळाचा वास यायचा आणि दार बंद असायचं. त्याबद्दल कुणी तिला विचारलं नाही.

पुढे ती गिरणीही बंद पडली. काका घरी बसले, खोकत खोकत गेले. लेक काकीला विरारला न्यायला आली, तेव्हा माळ्यावरच्या सगळ्या बायका जमल्या. कुणी नारळ आणला, कुणी खण. माझी आई पुढे होती. डोळे पुसत म्हणाली, "काकी, जाण्याआधी ती रताळी तेवढी नीट सांगून जा हो. तुमच्यासारखी कुणालाच जमत नाहीत."

काकी बोचकं बांधत होती. गाठ पक्की केली आणि मान वर न करता म्हणाली, "शिकान काय करतल्यात? करूक सगळ्यांका येता. घेणारो माणूस व्हयो."

काकीने बोचकं लेकीच्या हातात दिलं, आमच्या सगळ्यांच्या मधून वाट काढली आणि जिना उतरून गेली. नारळ, खण तिच्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावरच राहिले.