वाढता म्हसोबा

गोदाबाई नवी नवरी म्हणून मोर्शीजवळच्या उताराच्या वावरात आली, तेव्हा म्हसोबाचा दगड तिच्या गुडघ्याएवढा होता. आता तो कमरेला लागत होता. दरवर्षी शेंदूर लावून ती एकच मागे, "देवा, असाच वाढत राय."

यंदा बांध आखायला मृदसंधारणाचे साहेब आले. तिनं वाढलेला देव त्यांना कौतुकानं दाखवला. "दरसाल थोडी माती गेली तर जमीन सोसते, बाई. इथं ती मर्यादा कधीच ओलांडली. दगड वाढला नाही, भोवतालची जमीन खाली गेली."

"काईबी सांगून राहिले तुमी!" गोदाबाई फणकारली.

ते गेल्यावर तिनं दगडाला कपाळ टेकलं, तसा देव डुगडुगला. बुडाशी काळी माती नव्हतीच, नुसता मुरूम होता. देवानं तिचं मागणं इमानानं पुरवलं होतं.