रिकाम्या गादीची ऊब
काल गच्चीवर नव्या कापसाची गादी उन्हात टाकली आणि तिच्या वासासरशी दिग्रसजवळच्या त्या गावातलं प्रार्थनेचं देऊळ आठवलं. तिथे समोर पांढरी चादर अंथरलेली एक गादी कायम रिकामी ठेवायचे. ती देवाची, तिच्यावर माणसानं बसायचं नाही. रोज संध्याकाळी प्रार्थना मी सांगायचो, 'मीपणा सोडा' हे तर फारच रंगवून सांगायचो, आणि लोक गादीला वाकले की मलाच वाकले असं वाटायचं. एका दुपारी देवळात कोणी नसताना मी तिच्यावर बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळानं उठलो आणि चादर सारखी केली. संध्याकाळी एका आंधळ्या आजीनं नमस्कारासाठी गादी चाचपली आणि हात झटकन मागे घेतला. "गादी गरम हाय बाप्पा! कोन बसलं व्हतं?" "आजी, तुह्याच हाताले ताप असन," कोणीतरी हसलं. मग एकेकानं हात लावून पाहिला आणि हसणं थांबलं. "भाऊ, तुमच्या साधनेनं देव येऊन गेले," म्हणत लोक माझ्या पाया पडले, आणि मी पडू दिलं. दुसऱ्या दिवशी मी गादीकडे फिरकलोही नव्हतो, तरी चादरीवर खळगा होता, कोणी बसल्यावर पडतो तसा. आजीनं त्यावर हात ठेवला आणि खळग्यालाच हळू विचारलं, "भाऊ, तुमी अजून उठले नाही काय?" मी तिच्या मागे उभा होतो. प्रार्थना सांगणं मी त्याच दिवशी सोडलं, पुढे गावही सोडलं. पण आजही डोळे मिटून हात जोडले की समोर गादीवर मीच बसलेला असतो.