बारक्या पाठीचं दूध

शेळीला दोन सड असतात आणि पिल्लंही बहुतेक वेळा दोनच होतात. तेवढी सोय निसर्गानं करून ठेवली आहे. अडचण होते ती आपण चरवी घेऊन मध्ये बसतो तेव्हा.

आमचं शेत डोंगरकड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. नवरा हळद आणि सोयाबीन बघतो, शेळ्या माझ्या. ही गोष्ट घडली तेव्हा नऊ दुभत्या होत्या. पहाटे उठून शेड झाडायचं, लेंड्यांचा ढीग बांधावर टाकायचा, डालग्याखाली कोंडलेली पिल्लं एकेक करून आईला लावायची आणि धारा काढायच्या. मग दूध गाळून बाटल्यांत भरायचं आणि ऊन चढायच्या आत गिऱ्हाइकांच्या हाती द्यायचं. शेळीचं दूध तापलं की वास मारतं आणि वास आला की माणूस पुन्हा फिरकत नाही. त्यानंतर सुबाभळीचा पाला आणि तुरीचं भुसकट. दुपारी कुणाचं खूर कापायचं, कुणाला जंताचं औषध पाजायचं. आजही हेच चालतं, शेळ्या तेवढ्या वाढल्या आहेत.

धारेचा माझा एक नियम होता. शेळी व्याली की पहिला महिना दोन्ही सड पिल्लांचे. ती पिऊन बाजूला झाल्यावर काही उरलं तर माझं. महिन्यानंतर पिल्लं पाला तोडायला लागतात, मग एक सड त्यांचा, एक माझा. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन पिल्लं गमावून मी शिकले होते. म्हणून पुढं जे केलं ते न कळून केलं, असं मला म्हणता येत नाही.

गावात विहाराच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहते. नात्यानं मावशी नव्हे, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या शेतात निंदणी-खुरपणीला येत असे आणि मी तिला मावशीच म्हणते. ती मला वैनी म्हणते. तिची एक काळी शेळी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. गुडघे गेल्यावर तिला शेळीमागं रानात फिरता येईना, तेव्हा तिनं ती मला अर्धलीनं दिली. अर्धलीचा आमच्याकडचा रिवाज सरळ आहे. शेळी मालकिणीची, चारापाणी पाळणारीचा. दूध आणि खत पाळणारीला. पिल्लं निम्मी निम्मी. तीन महिन्यांची झाली की मालकीण एका पिल्लावर हात ठेवते, ते तिचं, उरलेलं पाळणारीचं. त्याआधी एखादं मेलं तर राहिलेलं दोघींच्या सामाईक मालकीचं आणि पुढच्या वेताला फिटंफाट. कागद नसतो, साक्षीदार नसतो. सगळं बोलीवर.

शेळी ऐन पावसाळ्यात व्याली. दोन्ही पाठी झाल्या. पाठ म्हणजे मादी पिल्लू, दुभती शेळी होणारं, त्यामुळं आम्ही दोघीही खूश. एक दांडगी होती, एक बारकी. मावशी दहाव्या दिवशी काठी टेकत बघायला आली. बारकीला मांडीवर घेतलं, तिच्या कानात फुंकर मारली आणि हसत म्हणाली, “ही मपली. माझ्यासारखीच हाय, हाडं हाडं.”

मी म्हटलं, मावशी, अजून तीन महिने आहेत, आत्ताच काय ठरवता. ती म्हणाली, ठरवून नाही राहिले, नुसतं म्हणून राहिले. चहा पिऊन ती गेली.

त्याच पंधरवड्यात तापाची साथ आली. डेंगूत शेळीचं दूध पाजलं की रक्तातल्या पेशी वाढतात असं लोक धरून चालतात. वाढतात का, मला माहीत नाही. मी कुणाला वाढतात म्हणून सांगितलं नाही आणि वाढत नाहीत असंही सांगितलं नाही. कळमनुरीकडून, औंढ्याकडून माणसं मोटारसायकलवर येत, शेडच्या दाराशी रिकामी बाटली घेऊन उभी राहत. कुणाचं लेकरू दवाखान्यात, कुणाची बायको. नाही म्हणायला जीभ वळत नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर, एरवी ज्या दुधाला लोक नाकं मुरडतात त्यासाठी रांग लागलेली बघायला बरं वाटत होतं. माझ्या दारात माणसं थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मी पिल्लांच्या आधी धार काढायला लागले. आधी एक सड, मग दुसऱ्यातलंही निम्मं. माझ्या स्वतःच्या शेळ्यांची पिल्लं तेव्हा मोठी होती, त्यांचं भागलं. तान्ही पिल्लं फक्त त्या काळ्या शेळीला होती. दांडगी ढुशी मारून उरलंसुरलं ओढून घ्यायची. बारकी मागं उभी राहायची. मला दिसत होतं. उद्यापासून हिला वेगळी पाजू, असं मी चार-पाच दिवस रोज म्हणाले. मग तिला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेलं औषध पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डालगं उचललं तर ती आडवी होती. मी तिला बांधावर पुरलं आणि येऊन राहिलेल्या धारा काढल्या. दाराशी तीन माणसं थांबली होती.

मावशीला निरोप पाठवला. ती आली. शेडमध्ये शेळीजवळ बसली, तिच्या कासेखाली हात घातला, दांडगीकडं बघितलं. काय झालं विचारलं. मी म्हटलं, हगवण लागली, औषधाला गुण आला नाही. यात खोटं काही नव्हतं.

मग ती म्हणाली, “म्हंजी आता ही एक दोघींची.”

रिवाजानं ते बरोबर होतं. मी हो म्हणायला हवं होतं. पण दांडगी अशी तयार होत होती की हिच्या आईपेक्षा ही जास्त दूध देणार हे मला तेव्हाच दिसत होतं. मी म्हणाले, “मावशी, तुमीच तर म्हणाल्या होत्या ना, बारकी मपली म्हणून.”

ती शेळीजवळून उठली. मग म्हणाली, “व्हय. म्हणले होते खरं.” काठी घेतली आणि गेली. त्या दिवशी मी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

दांडगी माझी झाली. मावशीची काळी शेळी पुढं दोनदा माझ्याकडंच व्याली. त्या वेतांची पिल्लं मी चोख वाटली, पहिली निवड तिची. मग शेळी थकली आणि मावशीनं ती बाजारात विकली. दांडगी मात्र आजही माझी सगळ्यांत दुभती शेळी आहे. तिची धार काढताना मला दरवेळी ते आठवतं असं मी म्हणणार नाही. रोज दोन वेळा पश्चात्ताप करत बसलं तर धंदा होत नाही. पण मावशी रस्त्यात दिसली की मी शेळ्यांचा विषय टाळायची आणि तिच्या गुडघ्यांचीच चौकशी करायची. ती सांगायची, दुखून राहिले. तेवढ्यावर आम्ही सुटायचो.

या वर्षी दांडगीला दोन पाठी झाल्या. तीन महिन्यांच्या झाल्यावर त्यातली चांगली मी उचलली आणि मावशीच्या घरी गेले. वाटेत वाक्य तयार केलं होतं. मावशी ओट्यावर बसली होती. तिची सून मजुरीवरून नुकतीच आली होती, नळाखाली पाय धूत होती. मी पाठ खाली ठेवली आणि म्हणाले, ही तुमची.

“काहून?” मावशीनं विचारलं.

मी तयार केलेलं वाक्य अर्धवटच आलं. म्हटलं, मावशी, त्या वेळी बारकी मेली, ती हगवणीनं नाही, म्हणजे हगवण लागली होती पण—

“उपाशी मेली,” ती म्हणाली. “मला त्याच दिशी कळलं. पिल्लानं पिलेली असली की कास कशी लागती हाताला, अन् पिळून काढलेली कशी लागती. मी काय आज शेळ्या बघून राहिले?”

मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत.

“बोलून काय करायचं होतं? शेळी घेऊन जा म्हणल्या असत्या तर कुठं नेली असती मी? हे गुडघे घेऊन?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की ती भोळी आहे, किंवा मोठ्या मनाची आहे. दोन्ही समज माझ्या सोयीचे होते. तिला माझ्या गोठ्याची गरज होती, एवढंच होतं. ते आतून ठाऊक असल्यामुळंच दांडगी माझी म्हणायची माझी हिंमत झाली होती.

तिनं पाठीचे दात बघितले, कान बघितले. म्हणाली, चांगली हाय. पण इथं कोण सांभाळणार, सून दिवसभर रानात, मी ही अशी. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, अर्धलीनं.

मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, झालं. तिनं सुनेला हाक मारली. सून ओले पाय घेऊन आली, पदराला हात पुसत उभी राहिली.

“ऐकून ठेव,” मावशी तिला म्हणाली. “ही पाठ आपली. हिला होतील ती पिल्लं निम्मी. एक मेलं तर राहिलेलं दोघींचं, कोणी हसत काय बी म्हणलं असलं तरी. अन् पह्यला महिना दोन्ही सड पिल्लाचे.” मग माझ्याकडं वळली. “वैनी, तुमच्या तोंडानं सांगा तिला.”

सून माझ्या मुलीच्या वयाची असेल. आमच्याच शेतात येते कामाला. तिच्यासमोर मी सगळ्या बोली एकामागून एक म्हटल्या, शेवटची सुद्धा. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, महिना कधीपासून धरायचा. मी म्हटलं, व्याल्याच्या दिवसापासून. तिनं सासूकडं बघितलं. सासूनं मान हलवली.

“व्याल्यावर आमाला निरोप द्या,” सून म्हणाली. “मी सकाळी कामावर जाताना बघून जात जाईन, धारेच्या टायमाला.”

मी म्हटलं, ये. आणि पाठ उचलून घराकडं निघाले.